फारसी भाषकांसाठी गोंगाटातील श्रवणचाचणी: अंक घ्यावेत की वाक्ये?

ऐरोलीकर:

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात राहतो आणि ऐरोलीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत ध्वनिप्रक्रियेचे काम करतो. आमच्या गटाकडे सध्या नेहमीपेक्षा निराळे काम आले आहे. फारसी बोलणाऱ्या प्रौढांना मोबाइलवर, हेडफोन लावून, घरबसल्या स्वतःची स्वतः देता येईल अशी श्रवणचाचणी तयार करायची असून, तीत शांत खोलीतले सूर ऐकू येतात का हे न पाहता, गोंगाटात बोललेले कितपत कळते हे मोजायचे आहे. भाषेची बाजू परदेशातील सहकारी सांभाळणार आहेत. परंतु चाचणीचा सांगाडा कसा असावा हे आम्ही लवकर ठरवले नाही, तर ध्वनिमुद्रणाचे सगळेच अडून राहील.

आतापर्यंत जे वाचले त्यावरून तीन वाटा दिसतात. पहिली वाट वाक्यांची: १९९४ मध्ये इंग्रजीत 'हिंट' नावाची चाचणी आली, तिच्यात दहा-दहा वाक्यांच्या २५ याद्या आहेत, पुढे २००४ मध्ये 'क्विकसिन' आली, जिच्यात चार जणांच्या बोलण्याचा गलका मागे ठेवून सहा वाक्ये ऐकवतात आणि प्रत्येक वाक्यागणिक गलका वरचढ होत जातो. दुसरी वाट ठरावीक साच्याच्या वाक्यांची, म्हणजे मॅट्रिक्स चाचणीची. तिसरी वाट अंकांची, म्हणजे गोंगाटात तीन अंक ऐकवायचे आणि ऐकणाऱ्याने ते कळफलकावर दाबायचे.

माझे प्रश्न असे आहेत. मोबाइलवरील चाचणीसाठी यांतली कोणती वाट धरावी? इंग्रजीतील तयार वाक्यांचे फारसी भाषांतर करून काम भागेल का? गोंगाट कोणता वापरावा? आमच्यातल्या एकाचे म्हणणे असे की, संध्याकाळी ठाणे स्थानकाच्या फलाटावर उभे राहून ध्वनिमुद्रण केले, तर त्याहून अस्सल गोंगाट शोधूनही सापडणार नाही. शेवटचा प्रश्न असा की, एक यादी दुसरीइतकीच अवघड आहे हे सिद्ध कसे करतात? हाच सांगाडा उद्या मराठीसाठीही वापरता यावा अशी माझी इच्छा आहे, म्हणून येथे विचारत आहे.

श्रवणतज्ज्ञ_नौपाडा:

प्रश्न चांगला आहे आणि योग्य वेळी विचारला आहे. ध्वनिमुद्रण झाल्यावर लोक विचारायला येतात, तेव्हा सांगण्यासारखे फारसे उरलेले नसते.

आमच्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांचे ठरलेले वाक्य असते: "आवाज येतो हो, पण शब्द लागत नाहीत." त्यांच्या ऑडिओग्रामवर, म्हणजे शांततेत किती ऐकू येते त्याच्या आलेखावर, कधी कधी किरकोळ उतार असतो, तर तसाच ऑडिओग्राम असलेला दुसरा माणूस लग्नाच्या हॉलमध्ये आरामात गप्पा मारत असतो. डच संशोधक प्लॉम्प यांनी १९७८ मध्ये याची मांडणी करताना श्रवणदोषाचे दोन भाग केले: आवाज क्षीण होणे आणि आवाज विस्कटणे. पहिल्या भागावर आवाज मोठा करणे हा उपाय चालतो. दुसऱ्यावर तो चालत नाही, आणि गोंगाटात पंचाईत होते ती मुख्यतः या दुसऱ्या भागामुळे. तुमच्या चाचणीला मोजायचे आहे ते हे. म्हणून पुढचा प्रत्येक निर्णय एकाच कसोटीवर घ्यावा: या घटकाने माझे मापन कानाचे राहते, की स्मरणशक्तीचे, शिक्षणाचे आणि भाषेवरील प्रभुत्वाचे होऊन बसते?

या कसोटीवर मोबाइलसाठी अंकच उतरतात, असे माझे स्पष्ट मत आहे. वाक्य ऐकल्यावर ते उच्चारून दाखवावे लागते आणि बरोबर-चूक ठरवायला समोर माणूस लागतो. शिवाय वाक्यातला अर्धा भाग आपण ऐकत नाही, जुळवून घेतो. चांगला वाचणारा माणूस यात पुढे निघून जातो. आणखी एक अडचण अशी की, एकदा ऐकलेले वाक्य लक्षात राहते, त्यामुळे ती यादी त्या माणसापुरती बाद होते. अंक मात्र निरक्षर माणसालाही ठाऊक असतात, ते दाबून उत्तर देता येते आणि तीन अंकांचा संच पाठ होत नाही. दहा अंकांतून तीन निवडताना नुसत्या अंदाजाने संपूर्ण संच बरोबर येण्याची शक्यता हजारात एक असते. नेदरलँड्समध्ये दूरध्वनीवरची अशी चाचणी २००३ पासून लोकांसाठी खुली झाली, तिच्यावरचा स्मिट्स आणि सहकाऱ्यांचा निबंध २००४ चा आहे. दक्षिण आफ्रिकेतील मोबाइल चाचणी २०१६ ची, आणि जागतिक आरोग्य संघटनेचे 'हिअर-डब्ल्यूएचओ' हे ॲप २०१९ चे. तेव्हा ही वाट मळलेली आहे.

पद्धत सोपी आहे. बोलणे आणि गोंगाट समान पातळीवर ठेवून, म्हणजे एसएनआर (बोलणे आणि गोंगाट यांच्या पातळ्यांतला फरक) शून्य डेसिबल धरून, आरंभ करावा. तिन्ही अंक बरोबर आले तर पुढचा संच दोन डेसिबलने अवघड करावा, एकही चुकला तर दोन डेसिबलने सोपा करावा. असे वीस-पंचवीस संच झाले की मापन त्या पातळीभोवती घुटमळू लागते जेथे माणसाची निम्मी उत्तरे बरोबर येतात. सुरुवातीचे चारेक संच सोडून उरलेल्यांची सरासरी काढली की एसआरटी, म्हणजे निम्मी उत्तरे बरोबर येण्याची ही पातळी, मिळतो. तो दोन आवाजांमधला फरक असल्याने, फोनची ध्वनिपातळी थोडी वरखाली असली तरी बिघडत नाही. घरबसल्या चाचणी शक्य होते ती यामुळेच.

आता याद्यांच्या समानतेबद्दल. येथे बहुतेक जण कागदावर अडकतात. भाषेत ज्या प्रमाणात व्यंजने येतात त्या प्रमाणात यादीत आली, म्हणजे यादी संतुलित झाली, असे मानले जाते. ते आवश्यक असेल, पुरेसे नाही. निर्दोष श्रवणाच्या, फारसी मातृभाषा असलेल्या श्रोत्यांच्या एका गटाला प्रत्येक मुद्रित अंक वेगवेगळ्या एसएनआरला ऐकवावा आणि किती टक्के वेळा ओळखला गेला याचा आलेख काढावा. प्रत्येक अंकाचा आलेख निराळ्या ठिकाणी चढताना दिसेल. जो अंक अवघड निघतो त्याची पातळी थोडी वाढवायची, जो सोपा निघतो त्याची कमी करायची, म्हणजे सगळे आलेख एकमेकांवर येतात. ही दुरुस्ती दोन-तीन डेसिबलच्या आत ठेवावी, नाहीतर एखादा अंक ओरडल्यासारखा वाटू लागतो. मग पूर्णपणे नवा गट घेऊन समानता तपासावी. ज्यांच्यावरून दुरुस्ती केली त्यांच्यावरच पडताळणी करणे म्हणजे स्वतःची उत्तरपत्रिका स्वतः तपासणे होय.

आलेखाचा चढ जितका खडा, तितके मापन नेमके. जर्मनमधील ओल्डेनबुर्ग मॅट्रिक्स चाचणीत तो एका डेसिबलला सुमारे १७ टक्के इतका आहे, आणि तेथे निर्दोष श्रोत्यांचा एसआरटी सुमारे उणे सात डेसिबल येतो. एवढ्या खड्या चढावर एका डेसिबलचा फरकही अर्थपूर्ण ठरतो, हे ध्वनिप्रक्रिया करणाऱ्या माणसाला वेगळे सांगायला नको.

ठाणे स्थानकाचा मोह मात्र टाळावा. फलाटावरचा गोंगाट सतत वरखाली होतो. मध्येच उद्घोषणा होते, मध्येच गाडीचा भोंगा वाजतो आणि मध्ये क्षणभर शांतता असते. सरासरी पातळी तीच ठेवूनही एका श्रोत्याचा अंक शांततेत पडेल आणि दुसऱ्याचा भोंग्याखाली. मग तुम्ही कान मोजत नसून नशीब मोजत असता. तुमच्याच ध्वनिमुद्रित अंकांचे असंख्य थर यादृच्छिक अंतराने एकमेकांवर रचून जो एकसंध खर्ज-खरखरीचा आवाज मिळतो, तो वापरावा. त्याचा दीर्घकालीन वर्णपट त्या वक्त्याच्या आवाजाशी आपोआप जुळतो, म्हणून सर्व कंप्रतांवर (फ्रिक्वेन्सींवर) झाकण सारखे पडते.

फारसीचा_विद्यार्थी:

मी वाशीला राहतो. श्रवणशास्त्र हा माझा प्रांत नाही, परंतु फारसी बरीच वर्षे शिकलो आणि शिकवली आहे, म्हणून भाषेच्या बाजूने लिहितो.

इंग्रजी वाक्यांच्या भाषांतराचा विचार सोडून द्यावा. भाषांतरात वाक्याची लांबी बदलते, क्रियापद शेवटी जाते आणि मूळ वाक्याचा सोपेपणा किंवा अवघडपणा यांपैकी काहीच उरत नाही. तेहरानच्या संशोधकांनी क्विकसिनच्या धर्तीवर चाचणी केली तेव्हा वाक्ये फारसीतच घडवावी लागली. याहून मोठी अडचण अशी की, लिहायची फारसी आणि बोलायची फारसी यांत बरेच अंतर आहे. पुस्तकात 'नान' आणि 'खाने' असते, तेहरानच्या घरात ते 'नून' आणि 'खूने' होते. 'मीरवम' हे बोलताना 'मीरम' होते. पुस्तकी रूप मुद्रित केले तर वक्ता बातम्या वाचत आहे असे वाटते, आणि बोलीतले रूप घेतले तर ते तेहरानपुरते होऊन बसते. काबूल आणि हेरात येथील दरी, म्हणजे अफगाणिस्तानातील फारसी, बोलणाऱ्यांचे काही स्वरही वेगळे आहेत: इराणमध्ये सिंह आणि दूध या दोहोंना आता 'शीर' म्हणतात, दरीत मात्र सिंह 'शेर' आणि दूध 'शीर' असा भेद टिकून आहे. अंक घेतल्याने हा बहुतेक गुंता टळतो, म्हणून श्रवणतज्ज्ञांशी मी सहमत आहे.

तथापि अंकही अगदी निरुपद्रवी नाहीत. यक, दो, से, चहार, पंज, शेश, हफ्त, हश्त, नोह अशी ती मालिका आहे. चहार सोडला तर सगळे एका अवयवाचे, म्हणजे एकाच उच्चारखंडाचे. पण तोही बोलताना 'चार' होतो, तेव्हा कोणते रूप मुद्रित करायचे हे आधी ठरवून सगळीकडे तेच ठेवावे. शेश हा 'शीश' असाही ऐकू येतो. खरी मेख सात आणि आठ यांत आहे. हफ्त आणि हश्त यांच्यात केवळ मधल्या व्यंजनाचा फरक असून, दोन्ही व्यंजने हवेच्या घर्षणाची, म्हणजे वरच्या कंप्रतांवर अवलंबून असणारी आहेत. फ तर मुळातच क्षीण आहे. गोंगाटात तो विरून जातो आणि उरते ते 'ह-त'. डच लोकांनी सुरुवातीच्या चाचणीतून सात आणि नऊ वगळले होते, कारण त्यांच्या भाषेत ते दोन अवयवांचे आहेत. फारसीत हफ्त आणि हश्त यांपैकी एक वगळावा, असे मला सुचवावेसे वाटते.

आणखी एक. श्रोते कोठून आणणार? मुंबईतले इराणी कॅफेवाले आठवतील, पण त्या कुटुंबांच्या पिढ्या येथे गुजराती-हिंदीत वाढल्या आहेत. पुण्यात शिकायला येणाऱ्यांमध्ये इराणी आहेत तसे अफगाणही आहेत. तेथे आराखडा चाखून पाहायला हरकत नाही, पण प्रमाण मूल्ये काढायची ती जेथे चाचणी वापरली जाणार तेथील लोकांवरच. एकट्या इराणचा विचार केला तरी अझरबैजानी किंवा कुर्दी मातृभाषा असलेले लोक लाखोंनी आहेत, त्यांची नोंद स्वतंत्र ठेवावी.

श्रवणतज्ज्ञ_नौपाडा:

हफ्त आणि हश्त यांच्या वगळण्याबाबत मी थोडा वेगळा विचार करतो. वयोमानाने श्रवण उतरते तेव्हा वरच्या कंप्रता आधी जातात. त्यामुळे या दोहोंची गल्लत कोणाची होते आणि कोणाची होत नाही, ही आमच्यासाठी कामाची माहिती आहे. दोन्ही ठेवावेत, पातळी जुळवावी, आणि कोणत्या अंकाऐवजी कोणता दाबला गेला याची सारणी प्रणालीने आपोआप साठवावी. निर्दोष श्रोत्यांच्या दुसऱ्या गटातही दोहोंची अदलाबदल थांबत नसेल, तर मात्र तुमचे म्हणणे मान्य करून एक काढून टाकावा. तो निर्णय आकड्यांवर सोडू.

ध्वनिमुद्रक_नेरूळ:

वरचे दोघे जाणकार आहेत; मी फक्त मुद्रणाच्या खोलीतून चार गोष्टी सांगतो.

प्रत्येक अंक एकदाच मुद्रित करून तीन जागी चिकटवू नये. माणूस तीन अंक सांगतो तेव्हा शेवटच्या अंकावर सूर खाली येतो आणि अंक किंचित लांबतो. पहिल्या अंकाचा तुकडा शेवटी लावला की ऐकणारा पुढच्या अंकाची वाट पाहत राहतो. प्रत्येक अंक पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या जागेसाठी वेगळा म्हणवून घ्यावा आणि एकेका जागेचे अनेक नमुने घेऊन त्यांतून निवडावा. वक्त्याला मधूनमधून पाणी द्यावे, पण साबुदाण्याची खिचडी खाऊन आलेल्या वक्त्याचे मुद्रण त्या दिवशी करू नये. ओठांची चिकट टिकटिक पुढे कोणत्याही गाळणीने जात नाही.

फाइल संकुचित करू नये. आवाज आकसवणारे कोडेक जो भाग कानाला कळणार नाही असे गृहीत धरून टाकतात, नेमका त्याच भागाची येथे परीक्षा आहे. साध्या फोन कॉलवरून चाचणी देण्याची कल्पना कोणी मांडली, तर लक्षात ठेवावे की जुनी दूरध्वनीची वाहिनी ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या पलीकडचे फारसे नेत नाही, म्हणजे फ आणि श यांच्यातला बराचसा फरक वाटेतच गळतो. मोबाइल कॉलमध्ये गोंगाट दाबण्याची सोय असते, ती तर तुमच्या चाचणीतला गोंगाटच पुसायला बसेल.

दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी २०२० मध्ये एक युक्ती प्रसिद्ध केली आहे, ती वापरणार असाल तर सावध राहावे. गोंगाट दोन्ही कानांत जसाच्या तसा ठेवून, बोलणे मात्र एका कानात उलट्या ध्रुवतेने देतात. मेंदू दोन्ही कानांची तुलना करून गोंगाट वजा करतो, त्यामुळे ज्यांचे दोन्ही कान चांगले त्यांचा एसआरटी बराच खाली जातो आणि एकाच कानाचा दोष किंवा मधल्या कानाचा दोष उघडा पडतो. पण ज्याच्या फोनवर मोनो ऑडिओची सेटिंग चालू आहे, त्याच्या दोन्ही वाहिन्या एकत्र होताच बोलणे परस्परांना छेदून नाहीसे होते आणि त्याला निव्वळ गोंगाट ऐकू येतो. असा माणूस ठार बहिरा म्हणून नोंदला जाईल. चाचणीपूर्वी डावा-उजवा कान ओळखण्याची एक पायरी सक्तीची करावी.

ऐरोलीकर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फलाटावरील ध्वनिमुद्रणाचा बेत आम्ही रद्द केला आहे आणि गल्लतीची सारणी आराखड्यात घेतली आहे. मोनो ऑडिओचा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात नव्हता.

एक उपप्रश्न विचारतो. रुग्णालयात, श्रवणतज्ज्ञाच्या उपस्थितीत वापरण्यासाठी पुढच्या टप्प्यात मॅट्रिक्स चाचणी करावी असे सहकारी म्हणतात. नाव, संख्या, विशेषण, वस्तू आणि क्रियापद अशा पाच जागा, प्रत्येक जागेला दहा पर्याय, म्हणजे एक लाख वाक्ये. फारसीत हे जमले तर मराठीत तसेच जमेल का?

फारसीचा_विद्यार्थी:

फारसीत हे मराठीपेक्षा कितीतरी सुलभ आहे. फारसीत व्याकरणिक लिंग नाही आणि संख्येनंतर नाम एकवचनीच राहते. 'मरियम दो केताबे बोजोर्ग खरीद', म्हणजे मरियमने दोन मोठी पुस्तके विकत घेतली, या वाक्यात नाव, संख्या, वस्तू, विशेषण, क्रियापद यांपैकी काहीही बदलले तरी बाकीचे जागचे हलत नाही. नाम आणि विशेषण यांना जोडणारा आखूड 'ए' तेवढा सांभाळावा लागतो.

मराठीत मात्र 'सुनीताने दोन मोठ्या पिशव्या घेतल्या' असे म्हटले की विशेषण आणि क्रियापद दोन्ही वस्तूचे लिंग उघड करतात. ज्याने 'मोठ्या' आणि 'घेतल्या' ऐकले त्याला वस्तू ऐकूच आली नाही तरी दहातले निम्मे पर्याय आपोआप बाद करता येतात, आणि 'दोन मोठ्या डबे' असे वाक्य तर यंत्राशिवाय कोणी बोलणार नाही. माझ्या मते यावर तोडगा आहे. विशेषणे अशी निवडावीत जी बदलत नाहीत: लाल, जड, गोल, स्वस्त, सुंदर. क्रियापद भविष्यकाळातले घ्यावे: आणेल, घेईल, देईल, ठेवेल, त्यात तृतीय पुरुषी एकवचनात लिंगभेद नाही आणि ते वस्तूशीही जुळत नाही. संख्या दोनपासून पुढे घेतल्या की वस्तू सर्वत्र अनेकवचनी ठेवता येतात. 'मीना सात जड दगड आणेल', 'सुरेश चार लाल पेट्या घेईल' ही वाक्ये रोजच्या बोलण्यातली नसली तरी मराठी कानाला खटकत नाहीत.

श्रवणतज्ज्ञ_नौपाडा:

हा तोडगा मला पटला. त्याला व्यवहारातली दोन बंधने जोडतो. मॅट्रिक्स चाचणीत सरावाचा परिणाम ठळक असतो, कारण पन्नास शब्द हळूहळू ओळखीचे होतात. म्हणून पहिल्या दोन याद्या सरावाच्या धरून त्यांचे गुण मोजू नयेत. आणि मराठीत अंकांची चाचणी आधी करणार असाल तर पाहा: चार, पाच, सात, आठ या चारही अंकांत तोच 'आ' स्वर आहे, त्यामुळे ओळख पटवण्याचा भार व्यंजनांवर पडतो, तीन आणि एक तुलनेने सोपे निघतील, सहा आणि नऊ दोन अवयवांचे असल्याने लांबीवरूनच ओळखू येतील. पातळी जुळवण्याचे काम फारसीपेक्षा येथे अधिक पडेल असे दिसते.

गुणांकनाचा नियमही आधीच लिहून ठेवावा. नवी मुंबईच्या आगरी-कोळी गावांतील श्रोता 'पाणी' ऐकून 'पानी' म्हणाला तर ते उत्तर बरोबरच धरायचे, आणि तेहरानचा श्रोता 'नान' ऐकून 'नून' म्हणाला तर तेही बरोबरच. हे परीक्षकाच्या मर्जीवर सोडले तर दोन रुग्णालयांतले आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत. श्रोत्यांवर काम सुरू करण्याआधी नैतिकता समितीची मंजुरी घ्यावी लागेल. त्या अर्जासोबत ध्वनिमुद्रणाचे नमुने आणि श्रोत्यांना द्यायच्या सूचना जोडाव्या लागतात, तेव्हा सूचनांचे मुद्रणही त्याच वक्त्याकडून, त्याच बैठकीत उरकून घ्या.